चढावर टिणटिणणारी मोटरसायकल: ९१ की ९७?

भाच्याने ही मोटरसायकल जुनी विकत घेतली तेव्हा ती ३८ हजार किलोमीटर चाललेली होती. १४९ सीसी, एक सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, कार्बुरेटर, पाच गिअर, कॉम्प्रेशन रेशो (आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) ९.५ ला १. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सीडीआयच्या (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या) डब्यात कायमचं बसवलेलं आणि नॉक सेन्सर नाही. ही शेवटची गोष्ट पुढे कामाला येणार आहे. ज्या गाडीत सेन्सर असतो तिला ठोका (नॉक, म्हणजे मिश्रण ज्योत पोचण्याआधीच आपोआप पेटणं) बसला की ती स्वतःच ठिणगी थोडी उशिरा टाकते. या गाडीला ते जमत नाही. आत काय चाललंय ते चालवणाऱ्यानेच कान देऊन ऐकायचं.

त्याने ऐकलं, हे त्याचं कौतुक. फोन आला तो असा: "मामा, चढाला लागलं की इंजिनातून पत्र्याच्या डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा आवाज येतो. साधं पेट्रोल टाकलं की जास्त, महागातलं टाकलं की कमी. म्हणजे हिला हाय ऑक्टेनच लागतं, बरोबर?"

तीन टाक्या झाल्या, तो ९७ ऑक्टेनचं पेट्रोल भरत होता. मध्ये ऑक्टेन वाढवणारी एक बाटलीही ओतून झाली होती. आवाज कमी झाला होता, पण गेला नव्हता. त्याला माझ्याकडून फक्त होकार हवा होता. मी म्हटलं, गाडी घेऊन ये, येताना मॅन्युअलही आण.

मॅन्युअल काय सांगतं

मॅन्युअलमध्ये एका ओळीत लिहिलं होतं: किमान ९१ आरओएन (ऑक्टेन मोजायची एक पद्धत), अनलेडेड, म्हणजे शिसं नसलेलं. टाकीच्या झाकणाखालच्या पट्टीवरही तेच. म्हणजे ज्यांनी इंजिन बनवलं, त्यांनी ते गरम हवेत, ओझं घेऊन, चढावर ९१ वर चालेल असंच बनवलं होतं. किमान या शब्दाचा अर्थ तोच.

मग भाच्याने दुसरा मुद्दा काढला. त्याने अमेरिकेतल्या चालकांचे व्हिडिओ पाहिले होते. अशाच छोट्या मोटरसायकली तिथे ८७ वर चालतात. "त्यांचं ८७ वर भागतं आणि माझी ९१ वरही कुरकुरते. म्हणजे माझ्या इंजिनाला काहीतरी खासच हवं."

हा घोळ फार जणांचा होतो. ऑक्टेनचा आकडा मोजण्याच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. मोजमापाचं इंजिन एकच, चालू असताना कॉम्प्रेशन कमीजास्त करता येईल असं एका सिलिंडरचं. पण आरओएन काढताना ते मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि ५२ अंश सेल्सिअसच्या हवेवर चालवतात, तर एमओएन काढताना ९०० फेऱ्यांवर आणि १४९ अंशांपर्यंत तापवलेल्या मिश्रणावर. दुसरी परीक्षा कडक, म्हणून त्याच पेट्रोलचा एमओएन आरओएनपेक्षा साधारण ८ ते १२ ने कमी भरतो. अमेरिकेतल्या पंपावर या दोन्हींची सरासरी लिहितात, तिला एकेआय म्हणतात. तिथलं ८७ म्हणजे आरओएनच्या भाषेत जवळपास ९१ ते ९२. म्हणजे ते चालक आणि आपलं मॅन्युअल एकाच पेट्रोलबद्दल बोलत होते. आकड्यापुढे पद्धतीचं नाव नसेल तर तो आकडा अर्धाच समजावा.

बाटलीचंही तसंच. "५ पॉइंटने ऑक्टेन वाढवते" असं तिच्यावर छापलं होतं. अशा बऱ्याच बाटल्यांवरचा पॉइंट हा ऑक्टेनच्या एका आकड्याचा दहावा भाग असतो. पाच पॉइंट म्हणजे अर्धा आकडा. ९१ चं ९१.५ झालं, इतकंच.

आवाज नक्की कसला

ऑक्टेनवर बोलण्याआधी तो आवाज ठोक्याचाच आहे की नाही, हे ठरवायला हवं होतं. सैल टॅपेट, ढिली कॅम चेन, झिजलेला पिस्टन, सगळेच टकटकतात, आणि त्यातल्या कशावरही पेट्रोल बदलून उपाय होत नाही. खरं सांगायचं तर फोनवर वर्णन ऐकून मला आधी कॅम चेनचाच संशय आला होता.

ओळखायची रीत सोपी आहे. टॅपेटचा आवाज गाडी उभी असतानाही येतो, फेऱ्यांबरोबर वाढतो, ओझ्याची त्याला पर्वा नसते. पिस्टनची थाप थंड इंजिनात जास्त, गरम झालं की दबते. ठोका याच्या उलट वागतो: इंजिन गरम, फेऱ्या कमी, थ्रॉटल भरपूर उघडलेला. थ्रॉटल मिटला की त्याच क्षणी बंद.

आम्ही एक लांब, एकसारखा चढ धरला. वीस मिनिटं गाडी चालवून इंजिन नीट तापवलं. पाचव्या गिअरमध्ये ताशी ३५ किलोमीटरवर थ्रॉटल पूर्ण उघडला, पाच सेकंद ऐकलं, मिटला. ही चाचणी यापेक्षा जास्त वेळ करू नये, कारण जे ऐकायचंय तेच इंजिनाला खात असतं. आवाज आला. टिण टिण टिण, बारीक, काचेवर नख मारल्यासारखा. थ्रॉटल मिटताच गप्प. चौथ्या गिअरमध्ये त्याच वेगाला, म्हणजे जास्त फेऱ्यांवर, आला नाही. संशय फिटला. हा ठोकाच होता, आणि तोही टाकीत ९७ असताना.

मग टाकी रिकामी करून ९१ भरलं. पेट्रोल बदलून चाचणी करणाऱ्यांची इथेच गफलत होते. बारा लिटरच्या टाकीत चार लिटर ९७ शिल्लक असेल आणि वर आठ लिटर ९१ ओतलं, तर मिश्रण साधारण ९३ चं होतं. ना धड हे, ना धड ते. म्हणून काढायचं तर सगळं काढायचं, कार्बुरेटरच्या वाटीतलंसुद्धा. ९१ वर तोच चढ, तोच वेग, तितकंच तापलेलं इंजिन. आवाज मोठा झाला आणि चौथ्या गिअरमध्येही येऊ लागला.

भाचा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." त्याचं निरीक्षण बरोबर होतं. त्यातून काढलेला अर्थ मला पटत नव्हता. ९१ वर चालण्यासाठी बनवलेलं इंजिन ९७ वरही टिणटिणत असेल, तर त्याची मागणी निदान सहा आकड्यांनी वर गेली आहे. ती कुणी वाढवली, हा खरा प्रश्न होता.

ठोका म्हणजे आत काय होतं

ठिणगी पडली की ज्योत प्लगपासून पसरत जाते. धक्का दिल्यासारखं एका झटक्यात काही होत नाही. पेट्रोल आणि हवा क्रमाने जळत जातात आणि पिस्टन खाली रेटला जातो. पण ज्योत पुढे सरकते तसा आतला दाब वाढतो, आणि प्लगपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ज्योत पोचण्याआधीच ते आपोआप पेटलं, तर तो कोपरा एकदम जळून जातो. दाबाच्या लाटा भिंतीवर आपटून मागेपुढे धावतात. आपल्याला ऐकू येतात त्या या लाटा. मोटारीच्या सिलिंडरात त्यांचा सूर साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झचा असतो. सिलिंडर जितका अरुंद, तितका सूर वर. ५७ मिलिमीटरच्या बोअरमधून म्हणूनच ठणठण ऐकू येत नाही, टिणटिण ऐकू येते.

त्या कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत येईपर्यंत दम धरून राहतं की नाही, हे ऑक्टेनचा आकडा सांगतो. १९२० च्या दशकात अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी ही पट्टी आखली. आयसोऑक्टेन सहज आपोआप पेटत नाही, त्याला १०० दिले. हेप्टेन लगेच पेटतं, त्याला शून्य. ९१ चं पेट्रोल म्हणजे ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच दम धरणारं पेट्रोल. त्यात ताकद जास्त आहे, ते स्वच्छ आहे, किंवा ते सावकाश जळतं, यातलं काहीही हा आकडा सांगत नाही. ९१ आणि ९७ च्या लिटरमध्ये ऊर्जा जवळपास सारखीच असते.

मग ज्या इंजिनात ठोका बसतच नाही, त्यात जास्त ऑक्टेन घालून काय मिळणार? काही नाही. आणि ज्यात बसतो, त्यात तो बसू दिला तर काय बिघडणार? पुष्कळ. जळणाऱ्या वायूचं तापमान २००० अंशांच्या वर असतं, आणि पिस्टन ज्याचा असतो ते ॲल्युमिनियम शुद्ध असलं तरी ६६० अंशांना वितळतं. तरी पिस्टन टिकतो, कारण त्याच्या अंगालगत वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि आत शिरलेली उष्णता सतत बाहेर नेली जाते. ठोक्याच्या लाटा तो थर फाडतात. म्हणून भाच्याला स्पष्ट सांगितलं: दुरुस्ती होईपर्यंत ९७ च भर, चढावर गिअर खाली घे, इंजिन कमी फेऱ्यांवर ओढायला लावू नकोस. ९७ भरणं इथे चूक नव्हतं. मात्र तो तात्पुरता आधार होता, आणि तो त्यालाच इलाज समजून बसला होता.

प्लगपासून सीलपर्यंत

पहिला पुरावा प्लगने दिला. मॅन्युअलमध्ये ८ नंबरचा प्लग सांगितला होता, बसवलेला होता ७ चा. या कंपनीच्या मोजणीत आकडा लहान तितका प्लग गरम, म्हणजे त्याचं टोक स्वतःची उष्णता सावकाश सोडतं. (सगळ्यांची मोजणी सारखी नसते. एनजीके आणि बॉश यांचे आकडे उलट दिशांनी चालतात, त्यामुळे कंपनी बदलताना नंबर बघून अंदाज बांधू नये.) सिरॅमिकचं नाक खडूसारखं पांढरं पडलं होतं आणि त्यावर मिरीच्या भुकटीसारखे काळे ठिपके होते. असे ठिपके दिसले की ठोक्याची शंका घ्यावी.

गरम प्लग कुणी मुद्दाम का बसवील? एकच कारण सुचलं: मूळचा प्लग तेलाने माखून बंद पडत असेल, म्हणून आधीच्या मालकाने जास्त गरम राहणारा बसवला, की तेल जळून जावं. मग तेल कुठून येतंय ते शोधायचं. भाच्याला विचारलं, "सकाळी चालू केलीस की धूर येतो का?" "येतो थोडा निळसर, मग जातो." उतारावर थ्रॉटल मिटून खाली आलो आणि पुन्हा उघडला, तेव्हाही मागे निळा फुगा दिसला. कॉम्प्रेशन मोजलं तर ते कमी नव्हतं, उलट मॅन्युअलमधल्या वरच्या मर्यादेच्याही पुढे गेलं होतं. रिंगा झिजलेल्या असत्या तर आकडा पडला असता. तो वाढलेला दिसतो तेव्हा आत काहीतरी जागा अडवून बसलेलं असतं.

टायमिंग तपासलं, ते ठीक होतं. कार्बुरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी नळीला तडा जाऊन हवा घुसत असेल तर मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होऊन इंजिन तापतं, म्हणून तीही बघितली. धड होती. मग हेड उतरवलं.

पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडच्या घुमटात काळा, कडक, मधे मधे पापुद्रे सुटलेला कार्बन होता. कॅलिपरने दोन-चार ठिकाणी जाडी बघितली, सरासरी ०.२ मिलिमीटरच्या आसपास. भाचा म्हणाला, "एवढ्याशाने काय होणार?" मी कागद काढला.

सिलिंडर १४९ सीसीचा, रेशो ९.५. म्हणजे पिस्टन अगदी वर आल्यावर उरणारी जागा १४९ भागिले ८.५ (रेशो वजा एक), साधारण १७.५ सीसी. पिस्टनचा माथा आणि हेडचा घुमट मिळून पृष्ठभाग पन्नास-पंचावन्न चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.२ मिलिमीटरचा थर म्हणजे साधारण १ सीसी. उरलेली जागा १६.५. आता रेशो किती? १४९ अधिक १६.५, भागिले १६.५. उत्तर दहाच्या किंचित वर. नखाच्या जाडीहून पातळ थराने इंजिनाचा रेशो अर्ध्या आकड्याने चढवला होता. छोट्या इंजिनात हे लवकर होतं, कारण मुळात जागाच इतकी कमी.

आणि सगळा दोष रेशोचाही नव्हता. कार्बन उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे आत येणारं ताजं मिश्रण आल्या आल्या तापतं. वर जळणाऱ्या इंजिन ऑइलचे कण: ते पेट्रोलपेक्षा सहज आपोआप पेटतात, म्हणजे जितकं ऑइल आत जाईल तितका टाकीत भरलेल्या ऑक्टेनचा उपयोग कमी. वर गरम प्लग. प्रत्येकाने थोडी थोडी मागणी वाढवली आणि ती बेरीज ९७ च्या पुढे गेली.

पिस्टनच्या एका कडेला, प्लगच्या समोरच्या बाजूला, वाळूचा मारा बसावा तसा बोटभर खरखरीत पट्टा होता. तिथून बोट फिरवायला मी भाच्याला सांगितलं. त्याने फिरवलं आणि बराच वेळ काही बोलला नाही. सुदैवाने खोली वरवरची होती, रिंगेच्या खाचा शाबूत होत्या, पिस्टन तोच ठेवता आला.

या सगळ्याचं मूळ निघालं दोन व्हॉल्व्ह सीलमध्ये. व्हॉल्व्हच्या दांड्यावर बसणाऱ्या रबराच्या टोप्या, उष्णतेने कडक होऊन चिरलेल्या. त्यांतून तेल आत जात होतं. तेलाने प्लग माखला, त्यावर उपाय म्हणून गरम प्लग आला, जळलेल्या तेलाचा कार्बन साठला, कार्बनने ठोका आणला, आणि ठोक्यावर भाच्याने ९७ आणलं. पहिल्या मालकानेही आणि दुसऱ्यानेही लक्षण दाबलं. हे मला खटकतं, कारण दोघेही गाडीची काळजी करणारेच होते.

काम आणि पुन्हा तोच चढ

कार्बन लाकडी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने, आधी द्रावण मुरवून, सावकाश काढला. लोखंडी पाती लावली की ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि त्याच ओरखड्यांत कार्बन पुन्हा घट्ट धरतो. नवे सील, व्हॉल्व्ह घासून बसवले, हेडचा नवा गॅस्केट, ८ नंबरचा प्लग. बोल्ट टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या क्रमाने.

नंतर ९१ भरून तोच चढ. वीस मिनिटं तापवलं, पाचवा गिअर, ताशी ३५, पूर्ण थ्रॉटल. काही नाही. तीनदा केलं. ताशी ३० वर इंजिन थरथरलं, कारण त्या वेगाला पाचवा गिअर चुकीचाच आहे, पण टिणटिण नाही. मग भाच्याच्या समाधानासाठी टाकी पुन्हा रिकामी करून ९७ भरलं आणि सपाट रस्त्यावर ३० ते ६० चा वेळ दोन्ही पेट्रोलवर मोजला. फरक सेकंदाच्या दहाव्या हिश्शांत, कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. "मग इतके दिवस ९७ वर पिकअप बरा का वाटत होता?" त्याने विचारलं. कारण तेव्हा ९१ वर ठोका बसत होता आणि आवाज ऐकून त्याचा हात आपोआप मागे येत होता. ९७ ने ताकद वाढवली नव्हती, फक्त भीती कमी केली होती.

आता कोणतं भरायचं? ९१. भर उन्हात, मागे माणूस आणि सामान घेऊन लांबचा घाट चढायचा असेल तर एखादी टाकी वरच्या प्रतीची भरायला माझी हरकत नाही, पण ऐकू आल्याशिवाय गरज धरू नये. उंचावर तर मागणी उलट घटते, कारण हवा विरळ असते आणि सिलिंडरात कमी भरते.

पहिल्या मालकाने गाडी विकताना भाच्याला सांगितलं होतं, "जुन्या गाडीला हाय ऑक्टेनच लागतं." हा समज बहुधा शिशाच्या काळातला. १९२१ मध्ये अमेरिकन इंजिनिअर थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाने ठोका थांबतो हे सापडलं आणि पुढे दशकानुदशकं ते पेट्रोलमध्ये घातलं गेलं. माणसांच्या रक्तात शिसं गेलं ते बरंचसं त्यातून. ते शिसं जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह सीटचंही झिजण्यापासून रक्षण करायचं. शिसं गेल्यावर जुन्या गाड्यांना प्रश्न आला तो सीटचा, ऑक्टेनचा नव्हे. या गाडीचं मॅन्युअल तर मुळात अनलेडेडच सांगतं.

इथेनॉलचा मुद्दाही निघाला, आणि तो रास्त आहे. इथेनॉलचा आरओएन १०८ च्या आसपास, म्हणून ते मिसळलं की पंपावरचा आकडा चढतो. पण त्याच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, आणि त्याला जळायला हवा कमी लागते. कार्बुरेटरला हे कळत नाही, तो जेट ठरवेल तितकंच सोडतो, त्यामुळे मिश्रण पातळ होतं. मॅन्युअलमध्ये इथेनॉलचं किती प्रमाण चालतं तेही लिहिलेलं असतं. अशा गाडीत ती ओळ ऑक्टेनच्या ओळीइतकीच काळजीपूर्वक वाचावी.

भाच्याच्या मित्राची गाडी नेमकी दुसऱ्या टोकाची आहे: पाण्यावर थंड होणारं इंजिन, रेशो १२ च्या वर, मॅन्युअलमध्ये किमान ९५ आरओएन. भाच्याचं ऐकून तोही ९१ वर यायला निघाला होता. त्याला आम्ही थांबवलं. तिथे ९५ ही चैन नाही, ती त्या इंजिनाची रोजची गरज आहे.

भाच्याने सीटखाली पांढऱ्या पट्टीवर लिहून ठेवलं आहे: ९१ आरओएन, प्लग ८, व्हॉल्व्ह सील बदलले ३९,२०० किमी. परवा ४०,२०० झाले तेव्हा प्लग काढून त्याने फोटो पाठवला. नाक फिकट तपकिरी, ठिपके नाहीत, आणि तेलाची पातळी काठीवर जिथे होती तिथेच.